कोट्टयमचा क्रूस आणि तिरपा उजेड

केरळातल्या कोट्टयमच्या वलियपळ्ळीत, 1550 साली उभ्या राहिलेल्या थोरल्या चर्चमध्ये, दोन दगडी क्रूस आहेत. दोन्हींवर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतला लेख. लहान क्रूस जुना. मोठा त्यानंतरचा, त्यावर पहलवीखेरीज बायबलच्या गलतीकरांस पत्रातलं (6:14) वचन सिरियाकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती प्रार्थनांच्या भाषेत कोरलंय. याच धाटणीचा चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटचा क्रूस 1547 मध्ये मिळाला आणि गोव्यात आगशीचा 2001 मध्ये. येशूची आकृती कशावरच नाही. कळ्यांसारखी टोकं, खाली पायऱ्यांचा चौथरा आणि भोवतीच्या पट्टीवर धावणारी ओळ.

आम्हाला लहान क्रुसावरची ती ओळ टिपायची होती. संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर काम सुरू केलं.

ठसा घेणं बाद होतं. ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांत बसवतात, सुकत आला की शाईची पुडी फिरवतात. बांधावरच्या शिलालेखाला ते चालतं, पूजेतल्या दगडाला अजिबात नाही. म्हणून रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो सॉफ्टवेअरने जोडून पडद्यावर उजेड हवा तसा फिरवता येईल असं चित्र बनवणं: कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर हाताने लावून कायम, शेजारी दोन काळे चकचकीत गोळे आणि फ्लॅश दर वेळी नव्या जागी. असे 48 फोटो. फ्लॅशचं अंतर टिपायच्या भागाच्या कर्णाच्या तिप्पट. ते दोरीने मोजायचं, पण दोरी दगडाला लागू द्यायची नाही आणि फोटोआधी बाजूला घ्यायची. उजेडाचा कोन 15 ते 65 अंश.

पहिला संच वाया गेला. एका गोळ्याचा स्टँड विसाव्या फोटोच्या आसपास किंचित घसरला होता. गोळ्यावरच्या चमकत्या ठिपक्यावरून सॉफ्टवेअर उजेडाची दिशा काढतं. गोळाच हलला तर दिशा चुकते आणि सपाट दगडावर नसलेले उंचवटे उमटतात. पडद्यावर ते खरेच वाटतात, हा यातला मोठा धोका. स्टँड वाळूच्या पिशवीने दाबून सगळं पुन्हा केलं.

एवढा आटापिटा लिपीसाठी. पुस्तकी पहलवीत, म्हणजे हस्तलिखितांतल्या वळणात, न, व आणि र एकाच आकारात लिहितात, त्यामुळे अक्षराची एक दांडी जास्त धरली की शब्द बदलतो. या ओळीची वाचनं एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं हे मोठं कारण. छिन्नीची खाच तळाशी निमुळती, काठ खडा. उडालेला टवका उथळ आणि पसरट. समोरच्या उजेडात दोन्ही सारखेच काळे दिसतात. तिरप्या उजेडात फरक कळतो, पण उजेड दांडीच्या लांबीच्या दिशेने आला तर सावलीच पडत नाही आणि दांडी गायब! म्हणून केवळ डावीकडून उजेड टाकलेल्या जुन्या फोटोंवरून केलेलं वाचन मी अपुरंच मानते.

पहाटे निघताना चर्चकडे मूळ 48 फोटो दिले, क्रम आणि अंतराच्या नोंदींसह. तयार झालेलं एकच सुबक चित्र देऊन चालत नाही. उद्या कुणाला एखाद्या दांडीची शंका आली, तर त्याला उजेड स्वतः फिरवून पाहता आला पाहिजे.