मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती, तास किती

आमच्या तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री दीडची होती आणि न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरायची सकाळी आठची, तारीखही तीच. सोबतच्या मावशींनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "साडेसहा तास? मग एवढा बाऊ कशाला?" उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. ते मिळवले की खरे सोळा तास निघतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हाच फरक साडेदहाचा होतो, त्यामुळे जुन्या तिकिटाच्या वेळांवर विसंबू नका.

अंतर शोधलं की इंटरनेटवर १२,५४० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावून तो कळायचा नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा: मुंबईतून तो पश्चिमेला नाही, उत्तर-वायव्येला निघतो. सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, मग आइसलंडवरून वळून कॅनडावरून खाली. ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर चौदा तास येतात.

मग वरचे दोन तास कुठले? एक तर विमान दोऱ्यावरून जात नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेतात. दुसरं, तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग त्यातच येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. आणि तिसरा, सगळ्यात मोठा, वारा. उंचावर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समोरच्या पडद्यावर जाताना वेग ८२०-८३० दिसत होता, येताना तोच हजारावर. परतीला साडेचौदा-पंधरा तास पुरतात. थंडीत वारा जास्त जोर धरतो.

थेट विमान महाग वाटलं तर दुबईमार्गे बघा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. म्हणजे वळसा जेमतेम चारशेचा. पण थांबा धरून प्रवास वीस तासांवर सहज जातो. माझं मत विचाराल तर ज्येष्ठ मंडळींना पाय मोकळे करायला हा थांबा बरा. तो दोन ते चार तासांचा निवडा. त्याहून कमी असेल तर पहिलं विमान लेट झाल्यावर धावाधाव ठरलेली.

ज्यांचे लेक-जावई न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत त्यांनी जेएफकेच्या आधी तिथल्याच नेवार्क विमानतळाचं तिकीट बघावं. आकाशातलं अंतर दोन्हींना जवळपास सारखंच, पण नेवार्कहून एडिसन साधारण तीस किलोमीटर. जेएफकेहून त्याच्या दुपटीहून जास्त, वर न्यूयॉर्कचा ट्रॅफिक.

परतीचं तिकीट काढताना तारीख नीट बघा. शनिवारी दुपारी बाराला निघालात तर उन्हाळ्यात मुंबईत उतराल रविवारी दुपारी बाराच्या सुमारास. सोमवारी ऑफिस असेल तर शुक्रवारचंच घ्या. गाडीवाल्याला उतरण्याची तारीख सांगा, निघण्याची नाही.