सांबऱ्याहून मुंबई: हवेत पाऊण तास, दारापासून सव्वासहा

“आरं, अर्ध्या तासात पोचतंय म्हणालास, नि हितं सव्वा तास लिवलंय की!” तिकीट बघताच आईनं मला धरलं. चूक माझीच. नेटवर बेळगाव-मुंबई हवाई अंतर बघितलं, ४०० किलोमीटर. वेग ८०० धरला आणि भागाकार करून मोकळा झालो.

अंतर तेवढं बरोबर होतं. हातानं काढून बघितलं. बेळगावचा सांबरा विमानतळ १५.८६ अक्षांश, ७४.६२ रेखांशावर, मुंबई १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ३.२३ अंशांचे झाले १९४ मैल. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे १.७५ गुणिले ६० करून वर मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं, म्हणजे ०.९५ नं, गुणायचं: १००. पुढं शाळेतला पायथागोरस, उत्तर २१८ सागरी मैल. मैलाचे १.८५२ किलोमीटर, म्हणजे ४०४. लंडनला जायचं असेल तर हा सपाट हिशोब चालत नाही, पृथ्वीचा गोलावा धरावा लागतो.

वेळेत मी फसलो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढणं, उतरणं सगळं आलं. म्हणून भागाकारात अर्धा तास मिळवा. छोट्या जेटला ४०४ किलोमीटरला तासभर, एटीआर नावाच्या पंख्याच्या विमानाला (वेग ५०० च्या आसपास) वीसेक मिनिटं जास्त. वर कंपन्या थोडी सैल वेळ छापतात.

आम्ही निपाणीचे. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आम्हाला सांबऱ्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, पण आमच्या दिवशी तिथून सोयीचं विमान नव्हतं. तिथून मुंबई हवेतून ३०८ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटर वाचतात, पण जेटला ती जेमतेम सात-आठ मिनिटं! उलट सांबऱ्याच्या रस्त्यावरचे जादा ४५-५० किलोमीटर आमचा तास खातात. विमानतळ निवडताना आधी रस्ता बघा, आकाश नंतर.

सकाळी ७ ला निघालो. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, काकती, मग बेळगावातून बागलकोट रस्त्यानं सांबरा, सव्वानऊ झाले. शहरातून जाताना अर्धा तास हाताशी ठेवा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पावणेअकराला विमान हललं. हवेत ४८ मिनिटं. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, त्यामुळे दक्षिणेकडून आलेलं विमान बहुतेक वेळा पूर्वेकडं वळसा घेऊन उतरतं. आईला वाटलं, परत बेळगावला चाललोय. दादरला बहिणीच्या दारात पोचेपर्यंत सव्वा वाजला.

मुंबईहून पुढचं विमान असेल तर दोन्ही तिकिटांवरचं टर्मिनल तपासा. टी-१ आणि टी-२ ची धावपट्टी एक, पण एकातून दुसऱ्यात बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. मध्ये तीन तास तरी ठेवा. छोट्या विमानात डोक्यावरचा कप्पा बुटका असतो, चाकाची बॅग मावेलच असं नाही. आमची दारातच काढून घेतली. येताना सांबऱ्याला संध्याकाळी उतरत असाल तर गाडी आधीच सांगून ठेवा. नाहीतर बेळगाव बसस्टँड गाठा, निपाणीकडच्या गाड्या तिथं मिळतात.