जमलंय ना, मग फेविकॉल लावून टाका की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे विचारणारे तुम्ही पहिले नाही. आमच्या घरी पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना हे एकदा म्हणतोच.

बैठकीच्या खोलीत टीपॉयवर माझं सहा पट्ट्यांचं लाकडी कोडं पडलेलं असतं. सहा चौरस पट्ट्या, तिन्ही दिशांना दोन-दोन, मधोमध एकमेकींत रुतलेल्या. पाहुणा ते उचलतो, कानाशी नेऊन हलवतो, कुठली तरी पट्टी सरकते आणि अर्ध्या मिनिटात सहाही तुकडे सतरंजीवर असतात. मग चहा गार होतो. मंडळी घाम पुसतात, "तुमचा एक तुकडा हरवलाय" असा आरोपही होतो. शेवटी मी जोडून देतो आणि प्रश्न येतो: "एवढ्या मुश्किलीनं जमलंय ना, मग एक थेंब फेविकॉल लावून का टाकत नाही?"

विचारणाऱ्यात इंजिनिअर असतात, सुनेच्या माहेरची मंडळी असतात, एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेला मुलगाही होता. त्यामुळे एकदा बसून नीट उत्तर लिहावं म्हटलं. मी चाळीस वर्षं टेक्निकल शाळेत मशीन ड्रॉइंग शिकवलं, आता चिपळूणला घराच्या पडवीत रंधा मारत बसतो. तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

चिनी लोक या खेळण्याला लू बानचं कुलूप म्हणतात. लू बान म्हणजे इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला, लू राज्यातला सुतार. आपल्याकडे विश्वकर्म्याला जो मान, तोच तिकडे त्याला. त्याच्या दारात कुऱ्हाड परजणं म्हणजे शहाण्यापुढे शहाणपण मिरवणं, अशी त्यांच्यात म्हणच आहे. दंतकथा अशी की मुलाच्या अकलेची परीक्षा घ्यायला त्यानं हे कोडं केलं आणि पोराला ते सोडवायला रात्रभर लागली. गंमत म्हणजे याच कोड्याचं दुसरं नाव खुंगमिंगचं कुलूप. खुंगमिंग हा तीन राज्यांच्या काळातला मुत्सद्दी चू-ग ल्यांग, इसवी सन १८१ ते २३४. दोघांत सहाशेहून जास्त वर्षांचं अंतर, आणि कोडं दोघांचंही! खोक्यावर "अडीच हजार वर्षं जुनं" असं छापलेलं असतं ते मी मनावर घेत नाही. छापील पुरावे फार अलीकडचे आहेत. स्पेनमध्ये १७३३ साली निघालेल्या हातचलाखीच्या एका पुस्तकात अशी कोडी सापडतात, आणि चीनमध्ये १८८९ सालच्या जादूच्या खेळांच्या पुस्तकात सहा पट्ट्यांचं चित्र आहे.

जुनं आहे ते कोड्यामागचं सुतारकाम. त्याला ते सुन-माओ म्हणतात. सुन म्हणजे आपलं कुसू, लाकडाच्या टोकाला कोरून ठेवलेली जीभ. माओ म्हणजे ते बसायची खाच. चच्यांग प्रांतात हमुदू इथे १९७३ मध्ये खोदकाम सुरू झालं, तिथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या घरांची लाकडं मिळाली आणि त्यांना कुसवं आणि खाचा होत्या. धातूचं हत्यार नाही, दगडाच्या पटाशीनं कोरलेल्या. मी पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा माझ्या वर्गातली काही मुलं आठवली. त्यांना लेथ, मिलिंग सगळं हाताशी असून खाच चौकोनी येत नसे. असो.

आता फेविकॉलकडे येतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. ते फुगतं आणि आकसतं ते रुंदीत, रेषांच्या आडव्या अंगानं. या कोड्यात प्रत्येक पट्टीची रुंदी दुसरीच्या खाचेत बसते, आणि ती खाच दुसरीच्या लांबीत पाडलेली असते. म्हणजे पाऊस लागला की आत बसणारी पट्टी फुगते, पण तिला घेणारी खाच आहे तेवढीच राहते! माझ्या पट्ट्या दोन सेंटिमीटर चौरस. शेजारी शेजारी दोन ठेवल्या की चाळीस मिलिमीटर होतात. तेच चाळीस मी मे महिन्यात आणि जुलैमध्ये व्हर्नियरनं मोजले, फरक पाव मिलिमीटरहून थोडा जास्तच भरला. आणि बसवताना मी सूट ठेवतो जेमतेम एका कागदाच्या जाडीची. हे सागवानाचं झालं. माझं पहिलं कोडं आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं होतं. ते मृगात अडकलं ते थेट दिवाळीनंतर सुटलं.

टीपॉयवरच्या खेळण्यात हा पाव मिलिमीटर म्हणजे कटकट. तीस हात लांबीच्या तुळईला मात्र हालायला जागा द्यावीच लागते. तिला घट्ट जखडलं तर ती स्वतः तरी फाटेल, नाहीतर जिच्यात बसलीय तिला तरी फाडेल. चिनी सुतारांना सरस ठाऊक नव्हता असं नाही. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस ते खुर्च्या-कपाटांना वापरत. आणि "एकही खिळा नाही" हे जे सगळीकडे सांगतात तेही अर्धवट आहे, छपराच्या वाशांना तिथेही लोखंडी खिळे मारलेले असतात. पण मुख्य सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि खांबाच्या डोक्यावरचे ते एकावर एक रचलेले दोगोंग, छपराचा भार पेलणारे लाकडी टेकू, हे सगळं नुसतं एकमेकांत बसलेलं असतं. शान्शी प्रांतात यिंगश्येन इथला लाकडी मनोरा १०५६ सालचा आहे, सदुसष्ट मीटर उंच. भूकंप झाला की ते हजारो सांधे थोडे थोडे सरकतात, एकमेकांवर घासतात आणि हादरा त्या घासण्यात जिरतो. चिकटवलेला सांधा घासत नाही. तो धरतो, धरतो आणि मग एकदम तुटतो.

मला याहून आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच शान्शीत पिवळ्या नदीकाठी युआन काळातलं, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातलं, ताओ पंथाचं एक देवस्थान होतं, युंगल कुंग. १९५० च्या दशकाच्या शेवटी सानमनश्या धरणाच्या पाण्याखाली ते जाणार असं दिसलं. तेव्हा १९५९ पासून पुढची काही वर्षं खपून लोकांनी ती अख्खी देवळं उकलली, तुळईवर नंबर टाकले, भिंतींवरची शेकडो चौरस मीटर चित्रं तुकड्यातुकड्यांनी कापून काढली आणि वीसेक किलोमीटरवर रुइछंगजवळ सगळं पुन्हा उभं केलं. आन्हुइ प्रांतातल्या एका खेडेगावातलं व्यापारी घराण्याचं दोनशे वर्षांचं घर तर असंच सुटं होऊन समुद्रापार गेलं. अमेरिकेत सेलम गावच्या संग्रहालयात ते २००३ पासून उभं आहे, अडीच हजारांहून जास्त लाकडी भाग जिथल्या तिथे. सरसानं चिकटवलं असतं तर कुऱ्हाडच घालावी लागली असती.

आपल्याला यात नवल वाटायचं काही कारण नाही खरं तर. बैलगाडीच्या चाकात आऱ्याचं एक टोक मधल्या तुंब्यात आणि दुसरं पुठ्ठ्यात, म्हणजे कडेच्या लाकडी घेरात बसतं, वरून तापवलेली लोखंडी धाव चढली की झालं. कुठे सरस, कुठे खिळा? एक आरा मोडला तर एकच बदलायचा. आमच्याकडची जुनी घरंही धडाधडा पाडत नसत. कौलं उतरायची, मग वासे, मग तुळया. त्या तुळया दुसऱ्या कुणाच्या तरी घरात लागायच्या.

यिंगश्येनच्या मनोऱ्याचं एक सांगायचं राहिलं. तो आता कलला आहे, दुसऱ्या मजल्यावरचे खांब चांगलेच झुकलेत. पूर्ण उकलून पुन्हा रचावा, वरचा भाग उचलून धरावा की नुसते टेकू द्यावेत यावर तिथले तज्ज्ञ कितीतरी वर्षं वाद घालतायत. उकलता येईल असं बांधलेलं आहे, पण जवळजवळ हजार वर्षांनी त्याला हात घालायची छाती कुणाची? ज्यानं सोडवलेलं कोडं सतरंजीवर सांडलेलं पाहिलंय त्याला ही भीती बरोबर कळेल.

कारण सुटं करणं हे कोडं नव्हेच. नेहमीच्या लू बान कुलपात एक पट्टी सपाट असते, एकही खाच नसलेली. ती चावी. ती ओढली की बाकीचं आपोआप ढासळतं. अवघड असतो तो परतीचा क्रम. पाच पट्ट्या अशा धरायच्या की चावीपुरतं बोगदं मोकळं राहील, आणि तोवर पाचांतली एकही हातातून निसटता कामा नये. बिल कटलर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं आयुष्याची बरीच वर्षं या सहा पट्ट्यांना दिली. सरळ करवतीनं आणि पटाशीनं खाच पाडता येईल अशा पट्ट्यांचे २५ प्रकार आणि त्यांच्या आतून पोकळी न राहणाऱ्या जुळण्या ३१४, इथवर प्रकरण आवाक्यात आहे. पोकळी चालेल आणि खाचा कशाही चालतील म्हटलं तर कॉम्प्युटरला वर्षं लागली, आणि १९९० मध्ये आकडा आला ३५ अब्ज ६५ कोटींच्या वर. त्यातल्या बऱ्याचशा जुळण्या नुसत्या कागदावरच्या, प्रत्यक्षात पट्ट्या आत जाऊच शकत नाहीत. मी आतापर्यंत त्यातल्या अकरा केल्यात.

आणि आता खरं कारण. मागच्या वर्षी मेहुण्यांच्या साठीला मी शिसवाचं एक कोडं करून दिलं होतं. यंदा जूनमध्ये ते पिशवीत घालून घेऊन आले. "भावजी, हे उघडत नाही. नातू रडतोय." मी म्हटलं पावसाची हवा आहे, फुगलं असेल. हातात घेऊन हलवलं तर एकही पट्टी कुरकुरली नाही. फुगलेलं कोडंही थोडं बोलतं, हे ठार मुकं होतं. बहीण दारातूनच म्हणाली, "यांनी एकदा जमवलं, आणि लगेच फेविकॉल लावून शोकेसमध्ये ठेवलं."

साधा पांढरा होता, पाण्याला दाद न देणारा नव्हे, हे नशीब. दोन दिवस कोमट पाण्यात ठेवून, मधेमधे पाणी बदलून, लाकडी हातोडीनं ठोकत मी ते सुटं केलं. पाच पट्ट्या धड निघाल्या, सहावीचा एक कोपरा गेला, तो मी तासून नवा बसवला. हो, सरस लावूनच. हसू नका, तुटलेल्या लाकडाला सरस लागतोच, सांध्याला लागत नाही.

पाणी प्यालेले ते तुकडे सध्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेत, प्रत्येकावर पेन्सिलनं नंबर. रविवारी काढून बघतो. गणपतीत तीन जुळत होते, आता पाच जुळतात. चावी अजून अर्ध्यावर अडते. कानस मारली तर आत्ता जाईल, पण मग उन्हाळ्यात खुळखुळेल. मेहुण्यांना मी मार्गशीर्षाचा वायदा केलाय.