सोमवारी पाळकसाहेब कुठे असतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी लिहिलं नसतं. चर्चच्या मंडळीचा पाळक म्हणून सहा वर्षं मी हा प्रश्न हसून टाळत आलोय आणि टाळणं मला चांगलं जमतं.

प्रश्न एकच, विचारणारे वेगळे. “पाळकसाहेब, सोमवारी तुमचा फोन लागत नाही,” हा त्याचा सभ्य अवतार. “प्रभूच्या कामाला सुट्टी असते का हो?” हा जरा कमी सभ्य. आणि वार्षिक सभेत मागच्या बाकावरून आलेला: “आम्ही सहा दिवस राबून सातव्या दिवशी देवळात येतो. तुम्ही सातव्या दिवशी राबून आठव्या दिवशी झोपता का?” सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री घरी येऊन जेवलो मात्र नाही.

आधी सोपं तेवढं उरकतो. सुट्टीला सोमवारच का, तर रविवार माझा कामाचा दिवस आहे. मंदिरातले याजक शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, मोडूनही निर्दोष ठरतात, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात प्रभूनेच म्हटलंय; त्या याजकांनी मग दम कधी खायचा, ते तिथे नाही. आणि “रविवार सोडून दुसरा वार कसा चालेल” म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की रविवारच्या सुट्टीचा हुकूम रोमी बादशहा कॉन्स्टंटाइनने काढला, इ.स. 321मध्ये, आणि त्यातही शेतकऱ्यांना कामाची मोकळीक ठेवली होती. त्याआधी प्लिनी नावाचा एक सुभेदार इ.स. 112च्या सुमारास बादशहा त्रायानला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात. उजाडल्यावर त्यातल्या बहुतेकांना कामावर जायचं असणार. वाराचा वाद माझ्यापुरता इथे संपला.

आता जे टाळत होतो ते.

मी एक डायरी ठेवायचो. तीत रकाने होते: भेटी, प्रार्थना, अभ्यासवर्ग, संदेश, विधी. रोज रात्री आकडे भरायचे. भेटी नऊ झाल्या की झोप शांत लागायची, चारवर थांबल्या की कुशी बदलत पडायचो. तेव्हाचा मी याला विश्वासूपणा म्हणायचा. विसाव्यावर संदेश द्यायची वेळ आली की इब्री लोकांस पत्राचा 4था अध्याय काढायचा: देवाच्या लोकांसाठी विसावा राहिला आहे. “राहिला आहे” म्हणजे पुढे आहे, मेल्यानंतर आहे, असं मी ठासून सांगायचो. इथे नांगराला हात घातलाय, मागे बघायचं नाही. त्याच अध्यायात “आज” हा शब्द पुन्हापुन्हा येतो. तो मी भराभर वाचून टाकायचो.

त्या माणसाशी मी अजून भांडतो. तो सगळाच चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. त्याने केलेल्या भेटी खऱ्या होत्या. रात्री दोन वाजता तो ज्यांच्या उशाशी बसला, त्यांना अजून तो आठवतो. मला सोमवारी बघून ते म्हणतात, तुम्ही पूर्वी असे नव्हता. नव्हतोच.

मग एकदा अकरा दिवसांत मंडळीत तीन दफनं झाली. पहिल्या दफनासाठी मी संदेश मनापासून लिहिला. दुसऱ्याच्या वेळी त्याच संदेशात नाव आणि नातं बदललं. तिसऱ्याच्या वेळी रात्री साडेबाराला कॉम्प्युटर उघडला, तेच पुन्हा केलं आणि छापून बायबलमध्ये ठेवलं. नाव चार ठिकाणी होतं. मी तीन ठिकाणी बदललं.

गेलेला माणूस चाळिशीतला होता. पेटी खाली सोडायच्या आधी मी वाचत होतो. वाचत होतो म्हणजे डोळे कागदावरून चालले होते, तोंड त्यांच्या मागून. शेवटच्या परिच्छेदात आठवड्यापूर्वी पुरलेल्या एका आजोबांचं नाव आलं आणि मी ते घेतलं. स्पष्ट, खणखणीत आवाजात, कारण विधीचा आवाज मला सवयीने लागतो. लोक थोडे हलले. कुणी बोललं नाही. कबरीपाशी पाळकाला कोण टोकणार?

त्याचा मुलगा नऊ वर्षांचा असेल. तो आईला म्हणाला, “ते माझे पप्पा नाहीत.” माझ्याशी बोलला नाही, आईशीच बोलला, हळू. पण त्या वेळी तिथे इतकी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. आईने त्याचा खांदा दाबला. मी खरं नाव घेतलं, “क्षमा करा” म्हणालो आणि पुढे गेलो. मातीला माती.

हे ऐकून माणसं लगेच माझ्या मदतीला धावतात. थकवा होता पाळकसाहेब, होतं असं कुणाचंही. थकवा होता, कबूल. पण थकलेल्या माणसाला निदान वाईट तरी वाटतं. मला त्या क्षणी वाटलं ते सांगतो, आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही: चार वाजता पंचांची सभा आहे, साडेतीनपर्यंत हे आटपायला हवं. एवढंच. लाज संध्याकाळी आली, आणि तीही उधार आणल्यासारखी. लाज वाटायला हवी हे माहीत होतं म्हणून.

रात्री डायरी उघडून मी लिहिलं. विधी: 1. भेटी: 3.

लिहून झाल्यावर त्या “1”कडे बघत बसलो. त्यात तो माणूस होता, त्याची बायको होती, तो मुलगा होता, आणि माझ्या हिशेबात ते बरोबर बसलं होतं. चुकीचं नाव घेतलं तरी आकडा एकच. मला भीती वाटली ती तिथे, कबरीपाशी नव्हे.

मिसरचा राजा फारो, त्याचे मुकादम दास असलेल्या इस्राएल लोकांच्या विटा मोजायचे. बायबलमधल्या निर्गमाच्या 5व्या अध्यायात विटांसाठीचं गवत देणं बंद होतं, पण रोजच्या विटांचा आकडा तोच राहतो. पुढे त्याच लोकांना शब्बाथाची आज्ञा मिळते, आणि ती बायबलमध्ये दोनदा आहे, दोन वेगळ्या कारणांनी. निर्गमाच्या 20व्या अध्यायात कारण आहे देवाचं: त्याने सहा दिवसांत सगळं घडवलं आणि सातव्या दिवशी तो थांबला. अनुवादाच्या 5व्या अध्यायात कारण आहे आपलं: तू मिसर देशात दास होतास, हे आठव. हा फरक मी सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या रात्रीपर्यंत तो उत्तरपत्रिकेतच राहिला होता. दासाला सुट्टी नसते. थांबता येणं ही सुटका झाल्याची खूण आहे, आणि मी प्रभूच्या नावाने पुन्हा विटा पाडत होतो.

इथे मी तुमच्यावरही थोडा रागावून घेतो. माझी डायरी मंडळीने कधी तपासायला मागितली नव्हती, मुकादम मीच होतो, मान्य. पण “आमच्याकडे पाळक दोन महिने फिरकले नाहीत” हे वाक्य कुणाच्या तोंडचं होतं? आजारी पडून मी एक रविवार चुकवला, तेव्हा “प्रार्थनेत कमी पडत असतील” असं कोण म्हणालं? बरं, जाऊ दे. तुमच्या तोंडचं वाक्य माझ्या आत आधीपासून होतं, म्हणूनच ते एवढं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो. दार मुलाने उघडलं. मी त्याच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही किती दमता, पाळकसाहेब.” नवऱ्याला पुरून दोन दिवस झालेली बाई माझ्यावर दया करत होती. मग मी मुलाकडे वळून त्याचीही माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्याने मला क्षमा केली असं मी सांगत नाही. त्याच्यावर ते बंधनही नव्हतं.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी मला तीन आठवडे रजा दिली. विसावा कसा घ्यायचा ते मला येत नव्हतं. चौथ्या दिवशी मी त्याच डायरीत एक नवा रकाना आखला, झोप, आणि त्याखाली लिहिलं 9 तास. बायकोने ते पाहिलं, डायरी उचलली आणि कुठे ठेवली ते आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या दिवसांत मी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यापाशी राहिलो. 1 राजे, 19वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच हा माणूस रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. या उताऱ्यावर मी निदान सात-आठदा बोललो असेन, आणि दरवेळी घाईने होरेब डोंगरावरच्या देवाच्या त्या शांत, मंद वाणीकडे धावलो असेन, कारण संदेश तिथे रंगतो. झुडपाखाली काय होतं? देवदूत त्याला उपदेश करत नाही. पापाची आठवण देत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा तेच. “एलीया, तू इथे काय करतोस?” हा प्रश्न देव त्याला विचारतो तो होरेबाला पोहोचल्यावर, चाळीस दिवसांनी. आणि “मी एकटाच उरलोय” ही त्याची तक्रार तर थेट खोडून निघते: बाल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून शिल्लक आहेत. मला मंडळीतले माझे सात हजार दिसत नव्हते. रजेच्या पहिल्या रविवारी एका शिक्षिकेने उपासना चालवली, आणि नंतर चौघांनी मला येऊन सांगितलं की छान झाली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, टोचलं. माझ्यावाचून चालतं हे विश्वासाने म्हणणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं.

मग सोमवार सुरू झाले. पहिल्या महिन्यात मी फार पवित्र वागत होतो. सकाळी स्तोत्रसंहिता, दुपारी झोप, संध्याकाळी फिरणं. एका सोमवारी जेवताना मी चौथी आज्ञा, शब्बाथाची, मोठ्याने वाचली: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, तुझ्या वेशीच्या आतला उपरी. ही ताटं उचलत होती. म्हणाली, “यादीत बायको नाहीये.”

बायबलच्या भाष्यकारांचं उत्तर मला माहीत होतं: “तू” या शब्दातच घरधनी आणि घरधनीण दोघं आली. मी तोंड उघडलंही होतं. तिच्या हातातली ताटं बघून गप्प बसलो. आता रविवारी रात्री दोघं मिळून दुप्पट स्वयंपाक करतो, इस्राएल लोक शब्बाथाआधी सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना, देवाने रानात दिलेलं अन्न, गोळा करायचे तसा, आणि सोमवारची भांडी मंगळवारी घासतो. अध्यात्म म्हणून सांगण्यासारखं यात फारसं काही नाही, पण माझ्या विसाव्याची किंमत दुसरं कुणी मोजत असेल तर त्याला शब्बाथ म्हणता येणार नाही, एवढं मला कळलं. आणि ज्यांना एक दिवस थांबलं तर रात्री उपाशी झोपावं लागतं, त्यांना मी काय सांगू? म्हणून मी सोमवारचा संदेश देत नाही. तुम्ही विचारता, तेवढंच.

तुमच्यातला एक जण माझ्यापुढे नेहमी मार्काचा 6वा अध्याय ठेवतो, आणि त्याचं मला खंडन करता येत नाही. शिष्य दमून आलेत. प्रभू म्हणतो, रानात एकान्ती चला आणि थोडा विसावा घ्या. ते नावेने निघतात, लोक पायी धावत त्यांच्या आधी पोहोचतात. प्रभू काय करतो? फोन बंद ठेवत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवत बसतो आणि शेवटी पाच हजार पुरुषांना जेवू घालतो. सुट्टी बुडाली. मी उलट पहिला अध्याय दाखवतो: पहाटे तो एकटा प्रार्थनेला गेलाय, शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतो, आणि प्रभू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांत जाऊ. शोधणारे तसेच राहिले. एकच शुभवर्तमान, दोन्ही गोष्टी. कोणत्या सोमवारी कोणता अध्याय लागू आहे हे ओळखायचं कसं? प्रभूला ओळखता येत होतं. मला येत नाही, म्हणून मी नियम केलाय. नियम हा विवेकाचा गरीब नातेवाईक आहे, हे मला कळतं.

दुसरा एक जण संत बेनेडिक्टचं वचन ऐकवतो, आळस हा आत्म्याचा शत्रू. खरं आहे, सहाव्या शतकातल्या त्याच्या नियमावलीच्या 48व्या प्रकरणाची सुरुवातच ती आहे. त्याच प्रकरणात पुढे लिहिलंय की दुपारच्या जेवणानंतर मठवासीयांनी आपापल्या खाटांवर निमूट पडावं.

माझा नियम असा: सोमवारी फोन एका वडीलजनांकडे जातो. मरण, अपघात, हॉस्पिटल असेल तर ते मला घरी येऊन उठवतात. बाकीचं मंगळवारी. सहा वर्षांत त्यांनी मला अनेकदा उठवलंय आणि मी एकदाही कुरकुर केलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी मंडळीतल्या एका तरुणाचा फोन आला. पाळकसाहेबांशी बोलायचंय. वडीलजनांनी विचारलं, काही तातडीचं? तो म्हणाला, नाही, सहज. त्यांनी निरोप लिहून ठेवला. त्यांची काही चूक नाही. मी असतो तर मीही तेच विचारलं असतं आणि त्याने मलाही तेच सांगितलं असतं. कदाचित. तेव्हाचा तो डायरीवाला मात्र काही न विचारता सायकल काढून निघाला असता.

मंगळवारी सकाळी आठला मी त्याच्या दारात उभा होतो. त्याने मला आत घेतलं, बसायला दिलं. मी म्हणालो, काल फोन केला होतास. तो म्हणाला, “हो. काल होतं.” मी तासभर बसलो. इकडचं तिकडचं बोललो. निघताना प्रार्थना केली, त्याने आमेन म्हटलं. काय होतं ते त्याने सांगितलं नाही. त्यानंतर तो तीन-चार रविवार आला, मग यायचा थांबला. मी अजून जातो त्याच्याकडे. तो अजून बसायला देतो.

वडीलजनांनी मला विचारलं, नियम बदलायचा का? मी त्यांना थोडा वेळ मागितला. नियम अजून तोच आहे.