शटरसमोरचा शनिवार

एरवी सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत कुणी हाक मारलेली मला खपत नाही. पण एप्रिलमधला एक शनिवार असा येतो, की उजाडायच्या आत मी रेकॉर्डच्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभा असतो. 'रेकॉर्ड स्टोअर डे'. २००७ साली अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानदारांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, २००८च्या एप्रिलमध्ये पहिला दिवस साजरा झाला आणि मग ते लोण देशोदेशी गेलं. त्या दिवसासाठी खास तबकड्या निघतात, त्याही मोजक्या. आगाऊ नोंदणी नाही, ओळखीवर बाजूला काढून ठेवणं नाही. रांगेत जो पुढे, त्याची रेकॉर्ड.

हेतूला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. गाणी फोनमध्ये शिरली आणि ही दुकानं एकेक करून मिटायला लागली. त्यांचा गल्ला एक दिवस का होईना खुळखुळतो, यात वाईट काय?

वाईट इतकंच, की त्या दिवशी दुकान माझं राहत नाही. एरवी तिथे मालक, मी आणि माझ्यासारखाच एखादा रिकामटेकडा. दोन बोटांनी कव्हरं पुढे ढकलत जायची. मध्येच थबकायचं. तबकडी कडेला धरून हलकेच बाहेर काढायची, दिव्याखाली तिरकी करून चरे बघायचे. लेबलवर कुणीतरी शाईने आपलं नाव लिहिलेलं असतं; ह्याने ही का विकली असेल, यात पाच मिनिटं जातात. मालक न विचारता काहीतरी लावतो आणि मी जे घ्यायला आलो ते विसरून तेच घेऊन घरी जातो. शनिवारी मात्र मागून कोपर, पुढे पाठ आणि हातात यादी. माझ्या पुढच्याने उचललेली तबकडी संध्याकाळी नेटवर दुप्पट भावाने विकायला असते. (शिव्या मी मनातच देतो.)

आणि इतकं करून मिळतं काय? बरेचदा घरात आधीच असलेला अल्बम, फक्त रंग नवा. एकदा चित्रवाली तबकडी आणली. छापील चित्रावर पातळ पारदर्शक थर, त्यात खाचा. सुई टेकली आणि गाण्याआधी सळसळच ऐकू आली. ती आता भिंतीवर आहे, छान दिसते.

गेल्या वर्षीची एक अजून प्लास्टिकमध्येच आहे. परवा ऐकायला म्हणून काढली, कडेला नख लावलं आणि मनात आलं, फोडली तर हिचा भाव उतरेल. रांगेतला तो पुढचा माणूस आठवला. नख तसंच राहिलं. मग तबकडी पुन्हा कप्प्यात सरकवली आणि शाईने नाव लिहिलेली जुनी लावली.