तुम्ही विचारलंत म्हणून: अंतराळात घड्याळ चालतं का?

दुकानात शाळकरी पोरं आली की हा प्रश्न येतोच. २०२५च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून सेल बदलायला आलेली मोठी माणसंही विचारतात. "तिथं वजनच नसतं म्हणे, मग घड्याळ कसं चालत असेल?" कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बोळात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून निवांत लिहितो.

दुकानात भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ आहे. ते जरा तिरकं केलं की टिकटिक लंगडी पडते आणि थोड्या वेळात बंद होते. बाजूला गेलेल्या लंबकाला परत खाली आणते ती पृथ्वीची ओढ. ती जाणवेनाशी झाली तर लंबक जिथं असेल तिथंच राहील. हे घड्याळ अंतराळात निरुपयोगी.

चावीचं मनगटी घड्याळ मात्र उलटं धरा, आडवं धरा, चालूच राहतं. त्यात लंबकाच्या जागी बॅलन्स व्हील असतं आणि त्याला परत आणते केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. स्प्रिंगला वर-खाली कळत नाही. उलट वर गेल्यावर एक खोड निघूनच जाते. दुरुस्त केलेलं घड्याळ आम्ही डायल वर, डायल खाली, चावी खाली असं ठेवून तपासतो. बॅलन्स एका बाजूला किंचित जरी जड असला तरी उभं ठेवल्यावर घड्याळाची चाल बदलते. माझी अख्खी दुपार खाणारा हा फरक वजनरहित अवस्थेत उरतच नाही.

ऑटोमॅटिकबद्दल मात्र जाणकारांनाही शंका होती. त्यात हात हलला की फिरून आपोआप चावी देणारा जड तुकडा असतो, रोटर. तो गुरुत्वाकर्षणाशिवाय फिरेल का? विल्यम पोग या अंतराळवीरानं १९७३मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर जाताना स्वतःचं पिवळ्या डायलचं सेइको ऑटोमॅटिक खिशातून नेलं. मुक्काम ८४ दिवसांचा होता, आणि घड्याळ चाललं. हात हलला की घड्याळाची केस हलते आणि जड रोटर मागं रेंगाळतो. तेवढ्या झटक्यानं घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगला चावी बसत राहते.

इथवर सांगितलं की पोरांचा पुढचा प्रश्न तयार असतो: मग तिथं वाजतात किती? मला या प्रश्नाचं उत्तर द्यायला जास्त आवडतं.

किती वाजले हे माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. कोल्हापूर त्याच्या पश्चिमेला, साधारण सव्वा चौऱ्याहत्तर अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी. अंतराळ स्थानक तर साधारण ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं, दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. म्हणून तिथं यूटीसी ही जागतिक वेळ पाळतात. वैमानिकांचंही तेच. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर दुपारचे बारा वाजले असतील तर वैमानिकाच्या हिशेबात साडेसहा. स्कॉट कारपेंटर १९६२मध्ये अंतराळात गेले ते २४ तासांची डायल असलेलं ब्रेटलिंग घालून, कारण बारा दिवसाचे की रात्रीचे हे खिडकीतून कळणार नव्हतं.

पण वैमानिकाला आणि अंतराळवीराला घड्याळ मुख्यतः लागतं ते वेगळ्याच कामाला. किती वाजले यापेक्षा किती वेळ झाला, हे त्यांना हवं असतं. ढगात विमान वळवताना सेकंदाला तीन अंश असं ठरलेलं वळण घेतात. दोन मिनिटं झाली की पूर्ण फेरी. बाहेर काही दिसत नसलं तरी सेकंदकाटा सांगतो किती वळलो. वेग ठाऊक असेल तर किती मिनिटं उडालो यावरून किती पुढं आलो हेही काढता येतं.

आपल्या जुन्या लोकांचा हिशेबही असाच होता. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा किती घटका झाल्या ते सूर्योदयापासून मोजायचं. 'घटका भरली' हे आपण त्यावरूनच म्हणतो, आणि घड्याळ हा शब्दही घटिकेवरूनच आलेला. म्हणून वैमानिकाचं घड्याळ मला कधी परकं वाटलं नाही.

नासानं १९६५मध्ये ओमेगा स्पीडमास्टरला मान्यता दिली तीही अशी मोजणी करणाऱ्या, हातानं चावी द्यायच्या क्रोनोग्राफला. त्याची काच ॲक्रिलिकची होती. आमच्याकडं लोक प्लॅस्टिकची काच म्हणून नाक मुरडतात, कारण तिच्यावर ओरखडे पडतात. पण ती फुटून तिचे तुकडे उडत नाहीत. वजनरहित यानात काचेचा कण तरंगत डोळ्यात जाणं ही केवढी आपत्ती! ओरखडे पॉलिशनं निघतात. ॲक्रिलिक हलक्या प्रतीची नव्हे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

त्या घड्याळाची खरी कसोटी लागली एप्रिल १९७०मध्ये. चंद्राकडं निघालेल्या अपोलो १३ यानावर ऑक्सिजनची टाकी फुटली, वीज वाचवायला यंत्रणा बंद कराव्या लागल्या, आणि परतीच्या वाटेवर दिशा दुरुस्त करायला इंजिन फक्त १४ सेकंद चालवायचं होतं. यानातल्या तिघा अंतराळवीरांपैकी लव्हेल आणि हेझ यांनी खिडकीतून पृथ्वीचा वेध धरत यान स्थिर ठेवलं, आणि स्विगर्ट यांनी मनगटावरच्या घड्याळावर सेकंद मोजले.

हे सांगून झालं की दुरुस्तीला आलेलं एखादं एचएमटी पायलट, काळ्या डायलचं, मी हातात घेतो आणि पोराला म्हणतो, डोळे मीट, मनात मोज, चौदा सेकंद झाले की हात वर कर. बहुतेकांचा हात दहा-अकरालाच वर येतो. मग मी घड्याळ त्याच्या कानाला लावतो आणि म्हणतो, आता परत मोज.