तुम्ही बघितलं का?

ताईच्या दिराच्या हळदीला पंगतीत शेजारी नानांचे साडू होते, सुरतचे. मी पाचोऱ्याचा म्हटल्यावर बट्टी कुस्करता कुस्करता त्यांचा हात थांबला. बोटांवरून तूप ओघळतंय, तिकडे लक्षच नाही. "म्हणजे ते पुष्पकवालं तुमच्याकडचंच ना? तुम्ही बघितलं का, डोळ्यांनी?"

नाही म्हणालो. त्या दिवशी मी जळगावला होतो. त्यांचा चेहरा पडला आणि हात परत बट्टीकडे गेला.

एवढंच झालं. पण तो पडलेला चेहरा अजून डोक्यातून जात नाही. माणूस वाईट नाही. ताईच्या वेळी अर्ध्या रात्री गाडी घेऊन तेच आले होते. मग हिरमोड कसला झाला? मी रुळाशेजारी उभा असायला हवा होतो का?

मला पुढचं सांगायचं होतं. २२ जानेवारी २०२५. पाचोऱ्याजवळच्या परधाड्याला पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, कुणीतरी चेन ओढली, लोकांनी खाली उड्या मारल्या आणि पलीकडच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. आग नव्हतीच. दरवेळी मला हेच सांगावंसं वाटतं, की आग नव्हतीच. समोरच्याचं लक्ष तोवर उडालेलं असतं.

त्या संध्याकाळी सगळ्या चॅनलवर पाचोरा. कपाशीचा भाव पडतो तेव्हा इकडे कॅमेरा येत नाही. ते जाऊ दे. ज्यांचे वर्ष वर्ष फोन नसतात त्यांचेही आले, "तुमच्याकडचं दाखवतायत, लावलंय ना?" आई गेली तेव्हा यांतल्या किती जणांनी... नको, ते लिहीत नाही.

मेलेल्यांत नेपाळची माणसं आहेत हे कळल्यावर आजी एवढंच म्हणाली, "त्यास्नी मायले कोन सांगी?" पण टीव्हीसमोरून तीही उठली नाही. २००६ मध्ये कुरुक्षेत्राकडचं ते पोर बोअरच्या खड्ड्यात पडलं तेव्हा तिने मनुदेवीला नारळ बोलला होता, आणि ते बाहेर येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. २०२३ च्या दिवाळीत सिल्क्याराच्या बोगद्यात ४१ कामगार अडकले, १७ दिवस, तेव्हाही तेच. रोज पहिला प्रश्न, "निंघनात का?"

तेव्हा कुणीतरी बाहेर यायचं होतं. परधाड्याला तोच रूळ, तीच पडलेली चप्पल पुन्हा पुन्हा दाखवत होते, गेलेला कुणी परत येणार नव्हता, तरी आम्ही बघत होतो. कदाचित आशेची सवय लागलेली असते, पुढच्या खेपेला काही वेगळं दिसेल अशी. साडूंनाही तेच हवं असेल. ती वेळ जवळून बघून आलेला, धडधाकट, शेजारी बसून बट्टी खाणारा कुणीतरी. असं धरलं की त्यांचा राग येत नाही.

जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान पडलं. आतला एकच जण वाचला. त्याचा भाऊ त्याच विमानात होता, आणि हा हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेला असताना त्याला विचारत होते, बाहेर कसा आलास? आजी चिडली, "त्याले झोपू द्या ना." पटलं मला. तरी टीव्ही बंद केला नाही. तो कसा उठला, कुठून चालत आला, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं, आणि बरं वाटलं. एक तरी चालत आला.